लाकोर्द या आडनावाची आणि जोइनीच्या घराची व्यवस्था

मी, फिलिबेर लाकोर्द, वय एक्याऐंशी, निवृत्त उच्चारशिक्षक, राहणार पॅरिस, आज सकाळी दोन उकडलेली अंडी आणि कपभर कॉफी घेऊन, बुद्धी जागेवर असताना माझ्या पश्चात काय कोणाला जावे ते येथे ठरवीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझे थोरले बंधू गास्पार यांनी फोनवरून दडपण आणण्याचा प्रयत्न केला. परंतु शब्दांची शेवटची अक्षरे गिळण्याच्या त्यांच्या सवयीमुळे दडपण नेमके कशाबद्दल होते, ते मला कळले नाही.

हा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत माझ्या हातचा आहे. यंत्रावर टंकित केला असता, तर आमच्या कायद्याने तो रद्द ठरला असता. साक्षीदारांची मात्र कायद्याला गरज नाही. ती मला आहे. प्रेक्षक नसताना काही सादर करणे आमच्या घरात कोणालाच जमलेले नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही मांजरीला दिले होते, ते रद्द समजावे. तो रागाच्या भरातला निर्णय होता आणि मांजरीनेही त्यानंतर वागण्यात काही सुधारणा दाखवली नाही.

माझे मृत्युपत्र उघडणाऱ्या नोटरी कियोबाई नाटकाला जात नाहीत, असे त्यांनीच मला सांगितले आहे. त्यामुळे काही गोष्टी मुळापासून समजावून द्याव्या लागतील. मला त्याचा अतिशय आनंद आहे.

कलम पहिले : कुटुंब

मला पत्नी नाही, अपत्य नाही. त्यामुळे माझी मिळकत मी माझ्या मर्जीने देऊ शकतो. मला एक थोरला भाऊ आहे, गास्पार. त्याला सारा देश गास्पार मोंत्रवाल म्हणून ओळखतो. त्याचा मुलगा तिबो मोंत्रवाल चित्रपट दिग्दर्शित करतो. तिबोची मुलगी ओंबलीन चोवीस वर्षांची आहे आणि अभिनेत्री आहे. कागदोपत्री हे तिघेही माझ्यासारखेच लाकोर्द आहेत. मोंत्रवाल हे नाव आमच्या मावशीकडच्या एका बिस्किटांच्या डब्यावर होते. वंशपरंपरागत जहागिरीचा जो उल्लेख गास्पारच्या मुलाखतींत येतो, ती जहागीर म्हणजे तो डबा. त्यात आता बटणे आहेत.

कलम दुसरे : आडनावाचा अर्थ

कियोबाई, येथे कृपया सावकाश वाचावे. 'कोर्द' म्हणजे दोर. दुकानात, शेतावर, गिर्यारोहकांच्या सहलीत हा शब्द खुशाल उच्चारता येतो. नाट्यगृहाच्या आत तो उच्चारता येत नाही. जुन्या काळी पडदे, ढग आणि देवदूत वर ओढण्यासाठी जहाजांवरचे खलाशी नोकरीस ठेवीत. जहाजावर प्रत्येक दोराला त्याचे स्वतंत्र नाव असते. नुसता 'दोर' म्हटले की तो फाशीचा. खलाशी आले, त्यांच्याबरोबर ही भीती आली. खलाशी गेले, भीती कायम नोकरीत राहिली. आजही नाट्यगृहात ज्याच्या तोंडून हा शब्द निघेल, त्याने उपस्थित सर्वांना स्वखर्चाने पेय पाजायचे असते, नाहीतर प्रयोगावर संकट येते. दिवे पडतात, नायिकेचा आवाज बसतो, समीक्षक वेळेवर येतात.

आता विचार करावा की ज्या मुलाचे आडनावच दोर आहे, तो नट व्हायला निघाला. गास्पारच्या पहिल्या दिवशी हजेरी घेणाऱ्याने त्याचे नाव मोठ्याने वाचले आणि सारी मंडळी दगडासारखी उभी राहिली. वाचणाऱ्याने नकार दिला, म्हणून पाजणे गास्पारच्या गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी तो बिस्किटांचे नाव लावून आला. मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः शिक्षक झालो, कारण वर्गात दोराला कोणी भीत नाही.

कलम तिसरे : किरकोळ वस्तू

(अ) मांजर व्हिर्ग्युल, अर्थात स्वल्पविराम, आमच्या इमारतीच्या दारवान श्रीमती ग्रासा फरेरा यांना. मांजर आजही त्यांच्याकडेच जेवते. माझ्याकडे फक्त झोपायला येते.

(आ) दातांत धरून बोलण्याचा सराव करावयाची बुचे, एक मोठी बरणी भरून, पुतण्या तिबो यास. त्याच्या दुसऱ्या चित्रपटात मी न्यायाधीशाची भूमिका केली होती. ती त्याने कापली. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमचा चेहरा फार समजावून सांगतो." ती भूमिका मुकी होती, हे नोंदवून ठेवतो.

(इ) काळी छत्री गास्पारला. ती गेली अनेक वर्षे त्याच्याचकडे आहे. या कलमाने तिला कायदेशीर दर्जा मिळेल.

(ई) जॅम शिजवण्याचे तांब्याचे पातेले ओंबलीनला. तळाशी चिकटलेल्या थरास हात लावू नये.

कलम चौथे : गेल्या रविवारी जे घडले

ओंबलीनला एका उपनगरी नाट्यगृहात प्रमुख भूमिका मिळाली आहे. आतापर्यंत तिने लाकोर्द या नावाने अनेक चाचण्या दिल्या. नावे पुकारणारा तिच्या नावापाशी आला की खोकायचा आणि पुढच्या मुलीला बोलवायचा. यावेळी नाट्यगृहाची दुरुस्ती सुरू होती, म्हणून चाचणी एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. तेथे दोर छताला उघडाच लटकत असतो आणि कोणी काही म्हणत नाही. तिचे नाव पुकारले गेले, तिने संवाद म्हणून दाखवले आणि तिला भूमिका मिळाली. ती कोणाची नात आहे, हे परीक्षकांना ठाऊक नव्हते. आता नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणतात की हे आडनाव असलेले पोस्टर आत लावायला रंगमंच कामगार तयार नाहीत. येत्या शुक्रवारी पोस्टर छपाईला जाईल. तोपर्यंत तिने मोंत्रवाल व्हावे, नाहीतर भूमिका सोडावी.

गास्पारच्या घरी जेवताना तिने हे सांगितले. भाजलेले कोकरू नुकतेच टेबलावर आले होते.

"मग लाव की मोंत्रवाल आणि मोकळी हो," गास्पार म्हणाला. "मी जन्मभर लावतोय. काय वाईट झालं माझं?"

"आजोबा, मोंत्रवाल लावलं की लोक मला बघायला येणारच नाहीत. तुमचं नाक माझ्या चेहऱ्यावर कसं दिसतं, ते बघायला येतील."

"नाक चांगलंय," तिबो म्हणाला. "त्या नाकावर हे घर उभं आहे."

"म्हणून तर मला पायांवर उभं राहायचंय, बाबा. ही भूमिका मला मिळाली की तुमच्या नावाला, हे एकदा तरी मला कळू दे."

"अगं, पण ते आपलं खानदानी नाव आहे."

"दादा," मी म्हणालो, "ते बिस्किटांचं नाव आहे."

"फिली, तू शेंगा खा."

नंतर स्वयंपाकघरात ताटल्या पुसताना ओंबलीनने मला विचारले, "धाकटे आजोबा, मी हट्टीपणा करतेय का हो?"

"हट्टीपणा आहेच," मी म्हणालो. "पण तू आपलं नाव घेतेस ना, तेव्हा एकही अक्षर पडत नाही. घरात असं बोलणारी तू पहिलीच."

ती हसली, पण ताटली पुसून झाल्यावरही पुसत राहिली. तेव्हा मी ठरवले की या प्रश्नाकडे पद्धतशीरपणे पाहायचे.

कलम पाचवे : बचतीची व्यवस्था

चौथ्या मजल्यावरचे श्री. मालो गेर्मर यांनी उभे आयुष्य नाट्यगृहात पडदे ओढण्यात घालवले. आम्ही सोमवारी पत्ते खेळतो. मी त्यांना नियम तपशिलाने विचारला.

"मास्तर, त्यात विचारायचंय काय? ज्याच्या तोंडून निघाला, त्यानं सगळ्यांना पाजायची."

"आणि पैसे दुसऱ्यानेच भरले तर?"

त्यांनी पत्ते खाली ठेवले. "पाजली जाते का?"

"पाजली जाते."

"मग झालं. नियम पाजण्याचा आहे. खिसा कुणाचा, ते नियमात कुठे आलंय?"

माझ्या शिक्षकी आयुष्यात इतके स्वच्छ विवेचन मी क्वचित ऐकले आहे. सबब, बँकेतील माझी सर्व शिल्लक मी एका निधीस देत आहे. फ्रान्समधील कोणत्याही नाट्यगृहात, ओंबलीनच्या कामाच्या निमित्ताने, कोणीही लाकोर्द हे आडनाव संपूर्ण आणि स्पष्ट उच्चारले, तर उपस्थितांचे पेय या निधीतून दिले जाईल. श्री. गेर्मर हे निधीचे व्यवस्थापक राहतील. कुजबुज ग्राह्य धरू नये. उच्चारणाऱ्याने शॅम्पेन मागितल्यास सौम्य शब्दांत बिअरकडे वळवावे.

यामागील तर्क असा : लोक शब्दाला भितात, कारण शब्द महाग पडतो. शब्द फुकट केला की भीती शिल्लक राहील. शब्दाच्या बदल्यात पेय दिले की काय शिल्लक राहील, ते मला पाहायचे आहे.

कलम सहावे : जोइनीचे घर

नदीकाठचे घर, आलुबुखाराची झाडे आणि गळके छप्पर यांसह, गास्पार व तिबो या दोघांना समान हिश्शाने, एका अटीवर. ओंबलीनच्या पहिल्या प्रयोगाच्या रात्री दोघांनी नाट्यगृहात उभे राहून "ओंबलीन लाकोर्द आमची आहे" असे वाक्य म्हणावे. शेवटच्या रांगेत श्री. गेर्मर बसतील. त्यांना लाकोर्दमधला 'द' ऐकू आला पाहिजे. अट मोडल्यास घर निवृत्त रंगमंच कामगारांच्या संघटनेला जाईल. तेथील अंगण लोखंडी गोळ्यांच्या खेळासाठी उत्तम आहे, हे त्यांनी आधीच पाहून ठेवले आहे. या अटीची पूर्तता मी हयात असतानाच व्हायची आहे. मी पहिल्या रांगेत असेन.

येथपर्यंत लिहून मी सही न करता लेखणी खाली ठेवली होती. एखादी पद्धत पडताळून न पाहता कायम करणे मला पटत नाही आणि पडताळणीसाठी मरेपर्यंत थांबणे गैरसोयीचे होते. म्हणून मंगळवारी मी नाट्यगृहासमोरच्या कॅफेत काही रक्कम आगाऊ ठेवली आणि श्री. गेर्मर यांनी आतल्या मंडळींना नियम समजावला. पुढील वृत्तांत त्यांचाच आहे.

"पहिला तास कुणी तोंड उघडलं नाही, मास्तर. मग विजेचं काम करणारा हळूच म्हणाला, 'त्या लाकोर्दबाईंना जरा उजवीकडे घ्या.' सगळे छताकडे बघायला लागले. काही पडलं नाही. आम्ही कॅफेत जाऊन आलो. त्यानंतर काय विचारता. रंगमंच व्यवस्थापकानं तिला दिवसभर नाव घेऊन बोलावलं, ती त्याच्या शेजारी उभी होती तरी. विजेवाल्याला अचानक ऐकू येईनासं झालं, सारखा आडनाव विचारायचा. संध्याकाळी एक दिवा खरंच पडला."

"मग?"

"मग काय. सगळे म्हणाले, स्क्रू ढिला होता."

बुधवारी गास्पारने फोन केला. जोइनीच्या घराबद्दल त्याला तिबोकडून कळले होते आणि तिबोला, माझ्या अंदाजाने, श्रीमती फरेरा यांच्याकडून.

"हे घे, ऐक," तो म्हणाला. "ओंबलीन लाकोर."

"द," मी म्हणालो.

"द."

"जोडून म्हण, दादा."

मग तो आवाज उतरवून म्हणाला, "फिली, हे नाव घेतलं की मला आपले बाबा दिसतात. मी त्यांना माझ्या एकाही प्रयोगाला या नावानं बोलावलं नाही."

मी त्यास पुन्हा म्हणायला सांगितले. यावेळी एकही अक्षर पडले नाही. मी हे शिक्षक म्हणून प्रमाणित करतो.

आज शुक्रवार. दुपारी ओंबलीनचा फोन आला.

"धाकटे आजोबा, पोस्टर छपाईला गेलं."

"कोणत्या नावानं?"

"आपल्या."

सबब, वरील सर्व कलमे मी कायम करीत आहे आणि सही करीत आहे.

पॅरिस, शुक्रवार, २४ मार्च २०२३

फिलिबेर लाकोर्द

साक्षीदार :

१. ग्रासा फरेरा, दारवान. मजकूर वाचला. मांजर मान्य. तिबोसाहेबांना मी काही सांगितलेले नाही, फक्त त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली.

२. मालो गेर्मर, निवृत्त रंगमंच कामगार. मजकूर वाचला. निधी सांभाळेन. पहिल्या प्रयोगाची शेवटच्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली आहे. तिच्या शेजारची थोरल्या मोंत्रवालसाहेबांनी स्वतः मागून घेतली. तिकीट लाकोर्द नावाने काढले आहे.