टर्बो थंड होईपर्यंत

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. ताईचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. इकडे सगळे (म्हणजे लेक शिकायला लांब गेल्यापासून आम्ही दोघंच) ठीक. तुम्ही पसंत केलेली जुनी टर्बोवाली गाडीही ठीक आहे, फक्त अधूनमधून निळा धूर सोडते. 'डोळे मिटून घे' असं तुम्ही म्हणाला होतात. मी तशीच घेतली.

धूर रोज येत नाही, हेच खरं दुखणं. गॅरेजवाल्या उस्तादांकडे नेली की साहेब तपासणीला आल्यावर आमचा सातवीचा वर्ग बसतो तशी गुणी होते. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, टर्बोचं सील गेलं असेल नाहीतर व्हॉल्व्हचं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय इंजिन उघडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तीनदा शेजारी बसून गावभर फिरले. काही नाही. चौथ्यांदा ते गाडीपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होते. शेवटी हात टेकले आणि वहीत नोंदी ठेवायला सांगितल्या.

गणिताच्या मास्तरला वही ठेवायला सांगणं धोक्याचं असतं. मी रकाने आखले. महिन्याभरात तेवीस वेळा धूर, तेवीसही वेळा आमच्याच फाटकासमोर, संध्याकाळी सातच्या सुमाराला, आणि प्रत्येक वेळी गाडीत मी एकटा. ही शेजारी असली की एकदाही नाही. बेरीज केली आणि ती दोनदा तपासली. त्यात तो धूर पांगतही नाही. आरशात बघावं तर गाडीच्या मागे माणसाच्या उंचीचा उभा असतो, आणि मी फाटकातून गाडी आत घेतली की थोडा थांबून आत येतो. (हसू नका.) सीटला आधीच्या मालकाच्या पाठीचा खळगा पडलेला आहे. सुरुवातीला तो मला टोचायचा. हल्ली टोचत नाही.

हिने निर्वाणीचं सांगितलं की रविवारपर्यंत छडा लाव, नाहीतर गाडी तरी जाईल नाहीतर मी लेकीकडे जाईन. म्हणून मी आधीच्या मालकांच्या पत्नीला फोन केला. (ते वारले म्हणूनच गाडी विकली होती, एवढंच आपल्याला ठाऊक होतं.) सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही पण टर्बो थंड करता का?" गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय, बंद करण्याआधी इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवा, म्हणजे तापलेला टर्बो थंड होतो. त्यांचे यजमान ते काटेकोर पाळायचे. आधी मिनिटभर, मग पाच मिनिटं, मग अर्धा तास, दारासमोर, एकटेच. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या. एकदा इंजिन दोन तास चालू राहिलं. बाईंना वाटलं, टर्बो थंड होतोय. "मी आधीच बाहेर जायला हवं होतं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी उस्तादांना जाऊन सांगितलं की मीही मिनिटभर टर्बो थंड करतो. "मिनिटभरच?" त्यांनी विचारलं. मग म्हटलं, पंचवीस मिनिटं. त्यांनी कपाळाला हात लावला. इतका वेळ गाडी जागच्या जागी चालू ठेवली की टर्बोच्या सीलमधून तेल झिरपतं, आणि गाडी हलवली की ते जळतं. सोबत कुणी असलं की मी बसून राहत नाही, म्हणून धूरही नाही. एवढं सोपं होतं. शनिवारी सील बदललं, रविवारी धूर नव्हता, ही खूश आहे. कळावे.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. धूर गेला, बसणं गेलेलं नाही. काल चाळीस मिनिटं झाली. धूर नसतानाही आरशात मागे कुणीतरी ताटकळल्यासारखं वाटतं. घरात भांडण नाही, भाऊजी. घरात काहीच नाही. लेक गेल्यापासून आम्ही गिझरबद्दल बोलतो. आत जायची मला भीती वाटते.

ता. क. २. ही रोज खिडकीतून बघते आणि पडदा ओढते. तिला वाटतं, पुस्तकात लिहिलंय. माझ्याच्यानं हाक मारवत नाही, म्हणून हा सगळा पत्रप्रपंच. ताईला सांगा, हिला फोन कर. साडेसहा ते सव्वासात मी फाटकासमोरच असतो. बाहेर येऊन शेजारी बस म्हणावं. गाडीचं त्या बाजूचं दार आतून उघडं ठेवलं आहे.