एकाच नावाचे दोघे

प्रिय ठमे,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. तुझ्या लग्नाला दीड वर्ष होत आलं आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. आई स्वयंपाकघराचं दार लोटून तुझ्याशी फोनवर बोलते, तेव्हा मी बाहेर उगाच पेपर चाळत बसतो.

चौकातल्या दगडाचं तिने सांगितलंच असेल. गोऱ्या सरकारच्या काळात गोदीत संप करून तुरुंगात गेलेले आपले लोहार, माझे पणजोबा, त्यांचं नाव त्यावर कोरलंय. स्मारक समितीने मला त्यांची माहिती लिहायला सांगितली आणि मी हुरळून गेलो.

पणजोबा आणि तुझ्या आजेसासूबाईंचे सासरे, हे आतेमामेभाऊ दोघे. दोघांनाही एकाच आजोबांचं नाव, धंदाही एकच, गोदीही एकच. एक तुरुंगात गेला. दुसऱ्याने साहेबाला संपवाल्यांची नावं सांगितली आणि तो मुकादम झाला. सरकारी कारकून आडनाव लिहीत नसे, नुसतं नाव आणि धंदा. संपवाले पांगले आणि कोण कोणता, हे ऐकीवच उरलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, तुरुंगातला आपला आणि फितूर तुझ्या सासरचा. त्याच जोरावर मी तुझ्या सासऱ्यांना तोंडावर म्हणालो होतो की फितुराच्या घरात माझी मुलगी जाणार नाही. तू गेलीस. मी लग्नाला आलो नाही.

तुरुंगाच्या दप्तरात कैद्याच्या बायकोचंही नाव निघालं. ते तुझ्या सासरच्या घरातलं होतं. मी म्हटलं, कारकुनाची चूक. मग तारखा लावून पाहिल्या. कैदी तीन वर्षं आत होता, आणि त्यातल्या मधल्या वर्षाच्या अखेरीला माझे आजोबा जन्मले. तुरुंगातल्या माणसाला घरी पोर होत नाही, हे मला या वयात कागदावर मांडावं लागलं. हस, खुशाल हस.

ते कागद फाडून टाकावेत असं मनात आलं होतं. दगडावरचं एक अक्षरही बदलायला नको, नाव तेच, आडनाव कोरलेलंच नाही! समितीचे अध्यक्ष तर म्हणाले, "मग बोलताच कशाला? गप्प बसा की." मी दोन दिवस गप्प बसलोही.

परवा दुपारी तू कामावर असताना तुझ्या आजेसासूबाईंकडे गेलो. त्यांना ऐकू कमी येतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. हळू सांगितलं तर त्या नुसत्या "काय?" म्हणत राहिल्या. शेवटी ओरडावं लागलं, "फितूर आमचा होता! तुमचा नव्हे!" समोरच्या घराची खिडकी उघडली. मान वर करवेना गं.

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "माझे सासरे गोदीच्या दारावरून कधी गेले नाहीत. लोक थुंकायचे. लांबून वळसा घालायचे बिचारे. त्यांना सांगायला हवं होतंत हो." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मलाच चहा विचारला.

रविवारी दगडावरचा पडदा काढायचाय आणि भाषण माझं आहे. हे सगळं मी भर चौकात सांगणार आहे, तुझ्या सासऱ्यांना काय बोललो तेही. आजेसासूबाईंकडून तुझ्या कानावर आलंच असेल, पण गर्दीच्या आधी तुला माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहितोय. पडद्याची दोरी आजेसासूबाईंनी ओढावी. त्यांचा हात धरून तू घेऊन ये. मी बोलून झालं की मागे जाऊन उभा राहीन. तू माझ्याकडे पाहिलंच पाहिजेस असं नाही.

तुझाच,
बाबा