लेकीच्या डब्याची दुरुस्ती

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.३०

प्रार्थना झाली. गावच्या शाळेत गुरुजींनी रोजनिशी लिहायला लावली होती, ती चौथीत सुटली. आजपासून पुढे चालू.

विषय एकच. लेकीचा गिटारचा डबा. पत्र्याचा आहे, साबणाच्या डबीएवढा. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे. वरचं बटण पायाने दाबलं की आवाज बदलतो. याला पेडल म्हणतात. तिने स्वतः बनवलं, वर्षभर खपून. हे सगळं तिनेच सांगितलं होतं, बोलत होती तेव्हा.

डब्यातून आवाज फाटत होता. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. सभागृहात माइक-स्पीकर सांभाळून एकवीस वर्षं झाली. फाटका आवाज मला दाढदुखीसारखा लागतो. म्हणून गेल्या महिन्यात ती बाहेर गेलेली असताना डबा उघडला. आत तांदळाच्या दाण्याएवढे दोन डायोड आवाजाचा गळा धरून बसले होते. कापून टाकले. आवाज पुष्कळ सुधारला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. काम अर्धवट राहिलं म्हणून चिडली असणार. साहजिक आहे.

२३ तारखेला ती दुसऱ्या गावी जाते आहे. तिथे तिघाचौघांबरोबर वाजवणार, राहणारही तिथेच. म्हणजे वीस दिवस. डबा पूर्ण दुरुस्त करायचा. मग बोलेलच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डबा मागितला. म्हणजे हिच्यामार्फत निरोप धाडला. ही म्हणाली, मी काय टपाल खातं आहे? लेक शेजारच्याच खोलीत आहे, चार पावलं चालवत नाहीत का? मी म्हटलं, तिला वाचनात व्यत्यय नको. ही म्हणाली, ती वाचत नाहीये, भिंतीकडे बघत बसली आहे.

डबा मिळाला. सोबत लेकीचा निरोप, आता त्याचं काय हवं ते करा म्हणावं. पूर्ण विश्वास टाकला आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फाटणं अजून थोडं उरलं आहे. शिवाय घुंऽऽ असा घरघराट. डब्याला बोट लावलं की थांबतो, काढलं की सुरू. म्हणजे अर्थिंग नीट नाही. डबा तपासला, वायर तपासली, सोल्डरचे टाके तपासले. एक टाका कच्चा निघाला. लेकीने घातलेले बाकी टाके मात्र सुबक, माझ्यापेक्षा. हे तिला सांगायला हवं. काम झाल्यावर एकदम सांगू.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

घरघराट गेला. आवाजही गेला.

ठरवलं आहे की चिडायचं नाही. सकाळी देवासमोर तसं कबूल केलं आहे. ही म्हणाली, तुमच्या हातात गेलेली वस्तू आधी गप्प होते, मग माणसं. मी मनावर घेतलं नाही. जेवलो नाही, पण ते पोट जड होतं म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बॅटरी उलटी जोडली होती. हे कोणाच्याही हातून होतं. एक ट्रान्झिस्टर जळला, दुसरा घातला. आता डब्यातून रेडिओ ऐकू येतो. हवामान सांगत होते. ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, एवढं तरी कामाला आलं. लेक मागून गेली. मला वाटलं हसली. ही म्हणते, नाही, खोकली.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५

जमलं! रेडिओ बंद, घरघराट बंद, फाटणं शून्य. बटण दाबा, न दाबा, आवाजात तसूभर फरक नाही. एकवीस वर्षांत याहून स्वच्छ काम केलेलं नाही. देवापुढे दोन मिनिटं जास्त बसलो.

उद्या तिच्या हातात द्यायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिलं. तिने गिटार जोडली. एक तार छेडली, बटण दाबलं, पुन्हा तीच तार छेडली. असं तीनदा केलं. मी म्हटलं, बघ, कळतसुद्धा नाही दाबलंय की नाही. ती डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, छान झालंय, बाबा.

सदतीस दिवसांनंतर पहिलं वाक्य.

गिटार तिने पिशवीत घातली, डबा तिथेच राहिला. वाजवून बघ म्हटलं तर म्हणाली, नंतर. हिचं म्हणणं, ती आत जाऊन रडली. आनंदाने असणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सभागृहासाठी फ्यूज आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. डबा सोबत नेला होता, दाखवायला. दुकानदार जाणकार माणूस. त्याने उघडून बघितलं आणि विचारलं, इथले दोन डायोड कुठे गेले? मी म्हटलं, काढले, आवाज फाडत होते. तो म्हणाला, अहो काका, त्याचसाठी असतात ते. फाडायसाठीच असतो हा डबा.

मी विचारलं, लोक मुद्दाम आवाज फाडतात? तो म्हणाला, तुम्ही एवढी वर्षं आवाजाच्या धंद्यात आणि हे मला विचारता!

मग डबा ओळखला त्याने. म्हणाला, हा त्या मुलीचा ना? गिटार पाठीला लावून यायची ती? तीन महिने येत होती. माझ्या काउंटरवर बसून कितीतरी डायोड लावून बघितले. एकही पसंत पडेना. शेवटी मोडीत निघालेल्या रेडिओतले दोन मिळाले, तेव्हा उडीच मारली तिने. तसले आता नाहीत माझ्याकडे.

दुसरे कुठलेही दोन द्या म्हटलं. फ्यूज घ्यायचे राहिले.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी

रजा टाकली. कापलेले दोन दाणे शोधले. अवजारांची पेटी, गालिचा, केरसुणी. महिना उलटून गेला आहे. ही रोज केर काढते. ही शोधायला बसली नाही, पण उठूनही गेली नाही.

नवे दोन टाकले. दुपारी घरात कोणी नसताना गिटार जोडली. मला वाजवता येत नाही. एक जाड तार छेडली. फाटला आवाज. दाढ ठणकलीच. पण तार विझेना. मी आकडे मोजत होतो. साध्या गिटारची तार चार-पाचला संपते. ही तार चौदाला होती, बारीक होत होत, तरी होती. मी श्वास धरून उभा होतो. सकाळी हात जोडतो तेव्हाही एवढा गप्प नसतो.

भिंतीपलीकडून हे कधी ऐकू आलं नव्हतं. ती वाजवायची तेव्हा तिचं दार उघडं असायचं की नाही, आठवत नाही. ढकलून बघितलं नव्हतं, एवढं नक्की. डायोड कापले त्या दिवशी ती एकच प्रश्न विचारून गप्प झाली होती. तुम्ही ऐकलंत तरी का, बाबा? मी म्हटलं होतं, ऐकलं म्हणूनच कापलं.

आता ठरलं. उद्या तिला सांगायचं, चूक झाली. दोनच शब्द आहेत. सभागृहात माइक तपासताना यापेक्षा जास्त बोलतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ती सामान भरत होती. अशा वेळी मध्ये बोलू नये.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

डबा तिच्यापुढे धरला. म्हटलं, थोडं काम केलंय. ती म्हणाली, राहू दे बाबा, तिथल्या एकाकडे पेडल आहे. रागाने नाही म्हणाली. तेच अवघड झालं. पुन्हा फाडून दिलाय असं सांगणार होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तासभर चालला. मी तासभर दाराशी होतो.

संध्याकाळी सभागृहात कार्यक्रम आहे. उद्या बसच्या थांब्यावर सांगतो. निरोपाची वेळ जास्त योग्य. आता टाळणार नाही, तसं देवाला सांगितलं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

तिला सोडून आलो. ही घरीच थांबली. मुद्दाम, असं वाटतं. म्हणाली, तुम्ही दोघंच जा.

थांब्यावर अर्धा तास बसलो. गिटार तिच्या मांडीवर होती. मी विचारलं, तिथे पाण्याची सोय आहे का? ती म्हणाली, आहे. पंखा आहे का? आहे. मग गाडी आली. ती वर चढली, खिडकीशी बसली, काच सरकवली आणि माझ्याकडे बघत थांबली. मी म्हटलं, हात आत घे.

बोलणार होतो. पण इंजिनाचा आवाज फार होता, तिला ऐकू गेलं नसतं.

वरचं वाक्य खोडतो आहे. ड्रायव्हर चहाला गेला होता. इंजिन बंद होतं.