पेटीत नसलेला गंधार

मखमलाबाद, नाशिक
१२ डिसेंबर २०२३

चि. सौ. सरितास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कितीतरी वर्षांनी पत्र लिहायला बसलो. भाग्यश्री सासरी रमली आहे. पण हळदीच्या दुसऱ्या दिवशी आत्या लग्नाला न थांबता नामपूरला निघून गेली, हे ती अजून बोलून दाखवते.

मी तुझं गाणं मध्येच थांबवलं, याचा तुला राग. अगं, चार वर्षं पुस्तकं आणून, फोनवरचे धडे बघून मी स्वर, थाट शिकलो. साठीला आलेल्या फुलवाल्याला कोण गुरू मिळणार? आईची हळदीची गाणी स्वरलिपीत उतरवावीत, एवढाच हेतू. पण तुझा गंधार ना कोमल, ना शुद्ध. पेटीवर पट्टी दाबून दाखवली तरी तू तिथंच. बेसूर गाणं मी लिहून कसं घेऊ?

होळीला ये, पुन्हा बसू. समाधानरावांना नमस्कार. राग सोडावा, एवढंच मागणं.

तुझा,
जयरामदादा


नामपूर
२ जानेवारी २०२४

ती. जयरामदादांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडं कांद्याच्या लागणीची गडबड आहे.

तुम्ही एकदा नाही, तीनदा थांबवलंत. माइक चालू होता. हिला आधी सुरात येऊ द्या, मग हळद लावू, असं तुम्ही सगळ्या मांडवाला सांगितलंत. बायका हसल्या. भाग्यश्री पाटावर खाली मान घालून बसली होती. शेवटी तुमच्या राजनं स्पीकर लावला आणि सगळ्या नाचायला उठल्या. त्या गोंगाटातही तुम्ही पट्टी दाबून मला दाखवत होतात.

आईनं ही गाणी मला फुलं तोडता तोडता शिकवली. तुम्ही तेव्हा कधी ऐकायला थांबला नाहीत. तुम्हाला चार वर्षांत कळलं ते तिला जन्मभर कळलं नाही, असं म्हणायचं असेल तर म्हणा. होळीला जमणार नाही.

वहिनींना नमस्कार. मोठ्यांनी सांभाळून घ्यावं, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

सरिता


मखमलाबाद
९ जून २०२४

चि. सौ. सरितास,
अ. आ.

तू मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतंस. ते वाचून पत्र पाच महिने कपाटात ठेवलं.

मी चुकलो. आईच्या जोडीला फुलं तोडायला जायच्या त्या नवसाबाईंकडे परवा गेलो. फोनवर तंबोरा लावून त्यांना गायला सांगितलं. त्यांचा गंधार तुझ्याच जागेवर, केसभर इकडं-तिकडं नाही. मी पेटीवर शोधायला लागलो तर म्हणाल्या की तुझ्या पेटीला तिथं पट्टीच नाय, तर बाईनं काय करावं.

घरी येऊन पुस्तक उघडलं. सप्तकात बारांहून जास्त जागा असतात, पेटीत मात्र बाराच, हा पाठ मी पहिल्याच वर्षी वाचलेला. खाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारलेली. तुझ्या गळ्याशी त्याचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही.

नवसाबाईंना दोनच गाणी आठवतात. बाकीची तुझ्यापाशी आहेत. जमेल तशी गाऊन फोनवर पाठव. मी एक शब्द बोलणार नाही.

वाट बघतो.

दादा


नामपूर
१ जुलै २०२४

ती. जयरामदादांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही कबूल केलंत, बरं वाटलं. खोटं सांगत नाही.

मे महिन्यात जाऊबाईंच्या उज्ज्वलाची हळद होती. बायकांनी आग्रह केला, म्हणून गायला बसले. पहिली ओळ झाली. तुम्ही मला अडवलं होतंत ती जागा जवळ आली तशी मी ती तपासायला लागले. बरोबर लागेल की नाही, वर घेऊ की खाली. आजवर तिथं काय येतं, असा विचार कधी केला नव्हता. गळा आपोआप जायचा. त्या दिवशी गेला नाही. दोनदा केलं, दोन्ही वेळा वेगळं लागलं. जाऊबाई म्हणाल्या, दमली असशील, राहू दे.

तुमचं पत्र आल्यावर मागच्या दारी एकटीच बसून पुन्हा म्हणून बघितलं. तुम्ही म्हणता ती आईची जागा कोणती, हे आता मला सांगता येत नाही.

एकवीस गाण्यांचे शब्द उतरवून सोबत पाठवलेत. चाल तुमची तुम्ही लावा.

सरिता