तिवरबेटची मगर निघून गेल्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय,
जिल्हा रत्नागिरी

अर्जदार : दादू गंगाराम गोताड, वय ७६, राहणार मौजे तिवरबेट

विषय : खाडीतील मगर स्वखुशीने निघून गेली असल्याने बंद केलेली होडी पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : धक्क्यावर लावलेला लाल अक्षरांचा फलक.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, खालील मजकुरावर आपण विश्वास ठेवणार नाही, याची मला खात्री आहे. माझ्या बोलण्यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. एकदाच ठेवला गेला, आणि त्याच दिवशी आमची होडी बंद झाली. तरी नाइलाजाने कळवितो ते येणेप्रमाणे :

१. तिवरबेट हे चारी बाजूंनी खाडी, चिखल व कांदळवन असलेले गाव आहे. घरे एकोणीस, पैकी चूल पेटते ती पाच घरांत. बाकीची माणसे मुंबईस असून गणपतीला व शिमग्याला येतात, बेटाचे फोटो काढतात व जातात. भरतीचे खारे पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, त्या बांधातली पाणी सोडायची लाकडी उघाडी आणि पलीकडच्या धक्क्यावर नेणारी होडी, या तीन गोष्टींवर आमचे गाव उभे आहे. तिसरी आता नाही. मोबाईलला रेंज आहे, पण ती बांधाच्या टोकाला असलेल्या तिवराच्या शेंड्यावर. झाडावर चढणे हा माझा स्वभाव नाही, हे सर्व गावाला माहीत आहे.

२. संध्याकाळी बांधावर बसून गोष्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आहे. ते मला कोणी नेमून दिलेले नाही, पण काढूनही घेतलेले नाही. एका चिंबोरीने नांगीत धरून माझी विळी पळवून नेली व पुढच्या उधाणाला धार लावून परत आणून दिली, हे मी सांगितले तेव्हा मुंबईकर हसले. त्या वेळी माझा शेजारी भिकाजी रामा पड्याळ विडी बाजूला ठेवून म्हणाला, "व्हय, मी व्हतो तिथं." मग मुंबईकर पुढे सरकून बसले. साहेब, भिकाजी हा तोंडातून शब्द काढायला आळशी असलेला, पापभीरू माणूस आहे. त्याचे ते "मी व्हतो तिथं" नसते, तर माझी एकही चिंबोरी बिळाबाहेर पडली नसती. जन्मभर मी सांगत आलो आणि तो "मी व्हतो" म्हणत आला.

३. मगर अशीच आली. प्रथम ती तीन हात लांब होती. पुढच्या गणपतीत मुंबईची पोरे म्हणाली, एवढीशीच का, म्हणून ती बारा हातांची झाली. शिमग्याला ती पालखीच्या ढोलावर शेपूट आपटू लागली. तिला पाहून भिकाजी घाबरून तिवरावर चढला, हा भाग मी दुसऱ्या वर्षी घातला. लोकांना तोच जास्त आवडला, म्हणून दरवर्षी भिकाजी एक फांदी वर जाऊ लागला व गेल्या वर्षी त्याचे धोतर खालच्या फांदीला राहिले. या सर्वाला भिकाजी स्वतः "व्हय" म्हणाला आहे. हल्ली जरा हळू म्हणत असे, पण ऐकू येत असे.

४. बांधाच्या डागडुजीला हात लावण्यापूर्वी राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालण्याची आमच्याकडे रीत आहे. गुरव मुंबईस गेल्यापासून गाऱ्हाणे मी घालतो. यंदा त्याच वेळी धक्क्याची पाहणी करण्यास घाटावरचे एक साहेब आले होते. नवीन माणूस ऐकतो आहे म्हटल्यावर माझी जीभ थोडी सैल सुटली. मी म्हटले, "बा म्हाराजा, तुजी लेकरां बांधावर उबी हायत. बांधाची राखण कर, उघाडीची फळी धर." सर्वांनी म्हटले, "व्हय म्हाराजा!" मी पुढे म्हटले, "आनी जी चाळीस हातांची मगर होडीच्या वाटेत आडवी पडलीय, जिला बघून आमचा भिकाजी धोतर टाकून तिवरावर चढला, तिचा तोंड बांधून ठेव." सर्वांनी म्हटले, "व्हय म्हाराजा!"

येथे नम्रपणे नमूद करतो की, गाऱ्हाण्यात "व्हय म्हाराजा" हे देवाला म्हणावयाचे असते. मधे मी काय बोललो ते कोणी ऐकत नाही. घाटावरच्या साहेबांना ही रीत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी पंचनाम्यात लिहिले की, मगर असल्याचे समस्त ग्रामस्थांनी एकमुखाने व मोठ्याने सांगितले. ते खोटे म्हणता येत नाही.

५. लगेच फलक लागला : मगरीचा वावर, पाण्यात उतरू नये, होडी बंद. त्या दिवशी माझी पत्नी सौ. मालन ही पलीकडच्या वाडीत आमची मुलगी दीपाली हिच्याकडे गेली होती. ती तिकडेच राहिली. बेटावरून ओहोटीला चिखलातून वळसा घालून जाणारी वाट आहे, पण तिचे गुडघे त्या वाटेचे नाहीत. अधूनमधून ती पलीकडच्या धक्क्यावर येते व ओरडते. वारा इकडे वाहत असला की ऐकू येते. मागच्या खेपेस ऐकू आले ते असे : "तुमची मगर तुमीच सांभाळा! तिलाच सांगा भाकऱ्या थापायला!" मी उलट ओरडलो की, दही विरजायचे कसे ते सांग. वारा विरुद्ध होता. साहेब, घरात दोन माणसांची भांडी आहेत. मी एकच ताट घासतो, दुसरे तसेच पालथे असते. ते पालथे ताट बघत जेवायला होत नाही, यापलीकडे याबाबत अधिक लिहीत नाही.

६. शेजारच्या गोदाकाकू म्हणतात, "दादू, मगर तुजी, तूच निस्तर. नव्हतीच म्हनून लिवून दे." हे मला मान्य नाही. आज मगर नव्हती म्हटले, तर उद्या चिंबोरी नव्हती ठरेल, परवा विळी. मग एवढी वर्षे बांधावर संध्याकाळी होते तरी काय? म्हणून मी भिकाजीकडे गेलो व म्हटले, कचेरीत चल, मी सांगतो की मगर गेली, तू फक्त म्हण की मी होतो तिथे. जन्मभर म्हटलेस, आणखी एकदा म्हण. भिकाजीने विडी विझवली व म्हणाला, "नाय दादू. मी नव्हतो."

साहेब, पाठीत सुरी बसली असती तरी चालले असते. तिची गोष्ट करून सांगता आली असती. या दोन शब्दांची मला काही गोष्ट करता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची लहान होडी काढली व तो पलीकडे, मुलगी योगिनी हिच्या घरी निघून गेला. मगर असलेल्या खाडीतून तो सुखरूप कसा गेला, असे आपण विचाराल. मगर फितुरांना खात नाही.

७. आता मुख्य मुद्दा. सदर मगर मागच्या अमावास्येच्या उधाणात दाभोळच्या दिशेने कायमची निघून गेली आहे. जाताना ती उघाडीपाशी थांबली. मी एकटा उभा होतो. तिने तोंड उघडले, मी मागे हटलो नाही. पूर्वीही हटलो नव्हतो. भिकाजी झाडावर असताना खाली पाय रोवून उभा राहिलेला इसम मीच होतो, हे तिने ओळखले असावे, कारण तिने मान खाली घातली व समुद्राकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. अर्थात ती पाण्यातच होती.

८. तरी मेहेरबान साहेबांनी (अ) फलक काढून होडी सुरू करावी. (आ) भिकाजी पड्याळ यास पूर्ववत "व्हय" म्हणण्याची समज द्यावी. (इ) ते नियमात बसत नसल्यास त्याच्या जागी दुसरा होकार देणारा इसम नेमून मिळावा. परंतु दुसरा चालेल असे वाटत नाही.

सध्या स्वतःच्या हाताची भाकरी खाणारा, आपला नम्र,
दादू गंगाराम गोताड
(सही)
मुक्काम तिवरबेट, वैशाख वद्य पंचमी

सोबत : मगरीचा पडलेला दात, एक. (माडाच्या करवंटीसारखा दिसतो. जुना असल्याने तसा दिसतो.)

शेरा : अर्ज ग्रामस्थांना वाचून दाखवून, बरोबर असल्याबद्दल सह्या घ्याव्यात म्हणून आज सकाळी बांधावर सर्वांना जमवले. मुद्दा सातपर्यंत कोणी हरकत घेतली नाही. गोदाकाकू तर डोळे मिटून ऐकत होत्या. "पाय रोवून उभा राहिलेला इसम मीच" हे मी जरा उंच आवाजात वाचले, तेव्हा मागून वल्ह्याचा आवाज आला. भिकाजी आपली होडी घेऊन बांधाला लागला होता. पुढच्या फळीवर पिशवी मांडीवर घेऊन सौ. मालन बसली होती. दोघे खाडीच्या मधोमध होडीच्या वाटेनेच आलेले दिसत होते. भिकाजी होडीत उभा राहिला. एवढ्या मोठ्याने तो जन्मात बोललेला नाही.

"नाय म्हाराजा! मगर नव्हती, माडाचा ओंडका व्हता! आनी तिवरावर चढून बोंबलत व्हतास तो तू! धोतरसुद्दा तुजाच! मी हात देऊन उतरवला तुला. व्हय, मी व्हतो तिथं!"

अर्ज दुसऱ्या कागदावर लिहून काढला असता, पण दुसरा कागद बेटावर नाही. म्हणून पुढे जे झाले तेही येथेच नमूद करणे भाग आहे. बांधावरच्या सर्वांनी, मी न विचारता, एकमुखाने व मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटले. त्यात सर्वांत मोठा आवाज सौ. मालन हिचा होता.