गाडीच्या तापाची हकिकत

चाकण,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय सोपान,

"ताई, तुझी गाडी मोडली तर मला हाक मार, मी येईन." माझ्या पाठवणीच्या दिवशी बैलगाडीचा कठडा धरून तू हे म्हणाला होतास. तेव्हा तुला सदऱ्याची बटणंही नीट लावता येत नव्हती. आता गिरणीतली अख्खी यंत्रं तुझ्या शब्दावर चालतात म्हणे, म्हणून कळवते: गाडी बिघडली.

तुझी प्रकृती कशी आहे? सोलापूरचं ऊन सोसतं ना? वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद. मी बरी आहे. (बरी नसते तरी हेच लिहिलं असतं.)

गाडी म्हणजे लढाईनंतर लष्कराच्या लिलावात ह्यांनी घेतलेली ती जुनी व्हॅन. हे गेल्यावर "विकून टाक" असं तू लिहिलं होतंस. विकली नाही. भैरू ती चालवतो, मी शेजारी बसते आणि आम्ही पुण्याला कांदा पोचवतो. तर महिन्यापूर्वी इंजिनाच्या उष्णतेचा काटा तांबड्या खुणेवर गेला तो तिथंच बसला. भैरू म्हणाला, "बाई, गाडीला ताप हाय." मग दिसेल त्या विहिरीवर थांबायचं, पाणी ओतायचं, बॉनेटवर ओलं पोतं टाकायचं. काटा ढिम्म. शेवटी त्याने रेडिएटरला कांदा बांधला. (ऊन लागू नये म्हणून माणसाच्या खिशात ठेवतात तसा. कांद्याच्या गाडीत कांद्याला काय तोटा!) मी हसले नाही. खरं सांगायचं तर दुसरा मीच बांधला.

मोशीला नदीपलीकडे दुर्गाबाईच्या दारात आमचा रोजचा थांबा झाला. ती घागर घेऊन बाहेरच यायची. "उतरला का गं ताप? रातीला झोप तरी लागली का तिला?" मग चहा, मग तिच्या सुनेची गाऱ्हाणी. बाजारातले लोकही हटकून विचारायचे. श्रावणात मला स्वतःला ताप होता, तेव्हा दाराची कडी कोणी वाजवली नव्हती. पण व्हॅनच्या निमित्ताने का होईना, माझ्या घरातल्या कोणाची तरी चौकशी होत होती.

शेवटी वजीर मिस्त्रीला दाखवली. रात्रभर दवात उभी असलेली गाडी त्याने सुरू केली, काटा तांबड्यावर पाहिला आणि रेडिएटरवर तळवा ठेवला. "बाई, ही तर माठासारखी गार हाय. गाडी ठणठणीत, आजारी काटाच हाय. आन् हे कांदे कुनी बांधले?" मी भैरूकडे पाहिलं. भैरूने माझ्याकडे पाहिलं. इंजिनाकडून काट्याला जाणारी तार निसटली होती. वजीरने तिचं टोक घासलं, जोडलं, आणि काटा शहाण्या मुलासारखा खाली उतरला. कांदे त्याने भाकरीबरोबर खाल्ले.

तेव्हापासून गाडी मोशीला थांबत नाही. दुर्गाबाई लांबून हात करते, आम्ही पुढं जातो. एकदा उगीच थांबले, तर म्हणाली, "आता काय झालं?" काय सांगणार? काही झालं नव्हतं.

तुझी,
ताई

ता. क. कालपासून काटा पुन्हा तांबड्यावर आहे.

आणखी एक. तार मीच काढली. कशी निघते ते वजीर जोडत असताना पाहून ठेवलं होतं. भैरू गाडी वजीरकडे न्यायला निघाला, तर म्हटलं, राहू दे, भाऊबीजेला माझा भाऊ येतोय, तो बघेल. दुर्गाबाईलाही तेच सांगितलं. "रजा मिळत नाही" असं तू गेल्या तीन दिवाळ्या लिहितोस. यंदाही लिहिशील, मला माहीत आहे. तरी ये. काम फार नाही, एक तार जोडायची आहे.