काउंटरशेजारची फळी

१२ मार्च

घ्या! सिटी कौन्सिल नवा नियम आणतेय — गांजाच्या गमीज (जेलीच्या गोड गोळ्या, इथे परदेशात कायद्याने विकता येतात) कुलुपाच्या कपाटात ठेवायच्या, मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. म्हणजे आमच्या काउंटरशेजारची फळी गेली. दुकानाचं भाडं तर तिच्यावरच निघतं! आणि या सगळ्यामागे कोण? रत्नाकाकू! मुलांच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर्ड. माझा नवरा प्रसाद धुमसतोय — "आपलीच माणसं, यार!"

१३ मार्च

काकू आल्या. नेहमीसारखी कोथिंबिरीची एकेक जुडी हुंगून बघितली. मग सरळ प्रसादलाच, "मंगळवारी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मी तुझ्या विरुद्ध बोलणार आहे हं. मागाहून कळायला नको." आणि वर नारळाच्या वड्यांचा डबा! मानलं बाईला. अबोला धरायचा ठरवलं होतं मी — दोन वड्या खाऊन मोकळी झाले.

१५ मार्च

काकूंचा नातू ईशान दूध न्यायला आला, त्याच्याबरोबर डबा परत दिला. रिकामा कसा द्यायचा! मी गिऱ्हाइकात अडकलेली. लेकीला, आन्याला म्हटलं, "घाल गं काहीतरी गोड त्यात." सात वर्षांची पोर, पण लगेच घातलं!

१७ मार्च

मीटिंग. काकू बोलल्या — आवाज न चढवता. गमी खाऊन गुंगीत हॉस्पिटलला आलेली मुलं, घाबरलेले आईबाप. एका मेंबरने विचारलं, "तुमच्या ओळखीत असं कुठल्या दुकानामुळे झालंय?" काकूंनी एकदा आमच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दुकान कुठलंही असो. प्रश्न फळीचा आहे."

विरोधात असूनही मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! मतदान पुढच्या मंगळवारी.

२० मार्च

काकू आल्या. दुकानात कुणी नव्हतं. पिशवीतून गमीजचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. आमच्याच फळीवरचं. फोडलेलं.

"आन्याने डब्यात घातलं होतं. ईशान तोंडात टाकणार, तेवढ्यात माझं लक्ष गेलं."

"काकू, मंगळवारी का नाही सांगितलंत? तिथेच जिंकला असतात!"

"पोरीचं नाव चारचौघांत कशाला? रिकामा डबा देऊ नये, हे कळतं तिला. गुणाची आहे."

प्रसाद मागे उभा होता. सगळं ऐकलं त्याने. मी रडले, अगदी हमसून.

२४ मार्च

मीटिंगमध्ये सगळ्यात आधी प्रसाद उठला. नियमाच्या बाजूने!